स्पेनच्या बारा मिरच्या

मिरचीतलं आपल्याला कळतं, हा माझा समज गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी दुपारी सव्वाचार वाजता संपला.

त्याआधी पंचवीस वर्षं तो समज मी जपला होता आणि आमच्या गल्लीनेही माझ्याबरोबर जपला होता. मी नंदुरबारचा. आमच्याकडे हिवाळा आला की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडते, नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल होते आणि गावाबाहेरून आलेला पाहुणा बसमधून उतरल्यावर आधी शिंकतो, मग नमस्कार करतो. अशा गावात मिरचीची पारख असणं म्हणजे काय मान असतो, हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. पंचायत समितीत मी साधा लिपिक. तिथे मला कुणी काही विचारत नाही (विचारू नये, असंच माझं काम आहे). पण वर्षाचं तिखट करायची वेळ आली की गल्लीतली सगळी घरं मला पथारीवर घेऊन जायची. मी एक मिरची उचलायचो, देठ मोडायचो, वास घ्यायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "लई ल्या." लोक घ्यायचे. डोळे मिटण्याची खरं तर काही गरज नव्हती, पण त्याशिवाय लोकांना खात्री वाटत नसे.

आमची मुलगी हर्षदा सुरतेला हॉटेलचं शिक्षण घेऊन आली होती. गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी म्हणून तिची निवड जवळजवळ झाली होती. 'जवळजवळ' म्हणायचं कारण, शेवटची परीक्षा बाकी होती. तीही घरूनच द्यायची होती. गुरुवारी दुपारी चार वाजता लॅपटॉपसमोर उभं राहून एक परदेशी पदार्थ करायचा. तिकडून त्यांच्या मुख्य शेफ मॅडम बघणार. नियम दोन. एक, करणाऱ्याने चाखायचं नाही, हात किती बसलाय तेवढंच बघायचं. दोन, घरातल्या कुणीतरी तो पदार्थ कॅमेऱ्यासमोर खायचा आणि ताटली पूर्ण संपवायची. अर्धी राहिली तर उमेदवार बाद! मागच्या खेपेला एकीच्या भावाने तीन घास खाऊन पाण्याचा तांब्या मागितला आणि ती पोरगी घरी बसली म्हणे.

हर्षूने पदार्थ निवडला तो स्पेनकडच्या बेटांवरचा. उकडलेले छोटे बटाटे आणि त्यावर लसूण-मिरचीचा सॉस. त्याचं नाव तिने मला चार वेळा सांगितलं आणि मी चार वेळा वेगळं म्हटलं, म्हणून ते राहू द्या. तिने सामान सांगितलं : सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ, तेल, व्हिनेगर.

सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, ऐकतच राहिल्या.

"हाई ते आपली लसूणनी चटणी शे! येन्हासाठे तीन वरीस सुरतले ऱ्हायनी तू?"

"मम्मी, ते येगळं शे."

"काय येगळं शे?"

"तेल ऑलिव्हनं शे."

"मंग शेंगदाणानं टाक आनि घर बस!"

पण हर्षूचं ठरलेलं होतं. मिरचीसुद्धा तिने कुरिअरने मागवली होती. पाकिटात मोजून बारा मिरच्या. गोल, बोरासारख्या, गडद लाल. पाकीट तिने ओट्यावर ठेवलं आणि आम्हा दोघांना बजावलं, "येले कोनी हात लावानं नही!" मग ती छोटे बटाटे शोधायला बाजारात गेली.

आता मला सांगा, नंदुरबारच्या माणसाच्या घरात बाहेरून मिरची येते, आणि त्याने तिला हात लावायचा नाही? मी फक्त एक उचलली. देठ मोडला. वास घेतला, डोळे मिटले. काहीच नाही! तुकडा जिभेवर ठेवला. तरी काही नाही! चावला. किसमिस खाल्ल्यासारखं वाटलं. सॉसच्या त्या परदेशी नावाचा अर्थच म्हणे 'तिखट', आणि मिरचीत तिखटाचा पत्ता नाही! पोरीला कुणीतरी उतरलेला माल गळ्यात मारला होता, आणि परीक्षा सहा तासांवर!

तिला सांगावं तर ती घाबरेल. परीक्षेच्या दिवशी पोरांना घाबरवू नये. मी पाकीट पिशवीत टाकलं आणि मोटारसायकलला किक मारून थेट दगाभाऊची पथारी गाठली. दगाभाऊ माझा शाळेपासूनचा मित्र. आयुष्य मिरचीत गेलेलं. त्याने मी मोडलेल्या मिरचीचाच एक तुकडा चावला, बराच वेळ चावला आणि मला विचारलं, "भाऊ, हाई मिरची शे का वाळेल टमाटं?"

"तेच ते! मन्ही पोरले कोनी तरी फसाडं भो!"

"कथाईन मांगाडी?"

"स्पेननी शे म्हणतस."

"मंग तठला लोके काय खातस?" दगाभाऊला स्पेनच्या लोकांची मनापासून दया आली.

मी म्हटलं, "दगा, माले अशीच गोल मिरची जोयजे. बारा. पन अशी दे का पोरनं नाव व्हवाले पाहिजे."

दगाभाऊने इकडेतिकडे पाहिलं. पथारीवरचा माल त्याने दाखवलाच नाही. आपल्या खोलीत गेला आणि मडक्यातून एक पुडी काढून आणली. धडगावकडच्या डोंगरातून आणलेल्या बियाची ती मिरची. फक्त घरच्यापुरती चार झाडं तो लावतो. दिसायला हुबेहूब तशीच, गोल आणि लाल.

"दोन मिरच्यामा गंजभर भाजी व्हस," तो म्हणाला. "तू बारा कसाले ली जाई ऱ्हायना?"

"अरे, हॉटेलमा मानसे जास्त ऱ्हातस!"

घरी आलो. धडगावच्या बारा मिरच्या पाकिटात भरल्या, पाकीट होतं तिथे ठेवलं. स्पेनच्या अकरा आणि अर्धी एका डब्यात घालून तो चहाच्या डब्यामागे लपवला (विकणाऱ्याला नमुन्यासकट कडक पत्र लिहायचं होतं, कार्यालयीन भाषेत). मग मी खुर्चीवर बसलो आणि वर्तमानपत्र उघडलं. लेकीचं भविष्य वाचवल्यावर बापाला जी शांती मिळते, ती मला पूर्ण चार तास मिळाली.

साडेतीन वाजता हर्षू डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे अशा थाटात ओट्याशी उभी राहिली. मिरच्या भिजत घालायला पाणी तापवत होती. फोनवर मैत्रिणीशी बोलणं चालू होतं. मी सहज कान दिला.

"अगं, या मिरचीला तिखटपणा जवळजवळ नसतोच. तीच तर गंमत आहे. चव गोडसर, नुसता रंग आणि वास. नावापुरतं तिखट वरून चिमूटभर घालायचं. मॅडमनी तर बजावलंय, परदेशी पाहुणे येतात, जाळ झालेला चालणार नाही. मागच्या पोरीचं तेच झालं ना!"

माझ्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. ती मिरची उतरलेली नव्हती. ती तशीच असते! स्पेनची माणसं जाणूनबुजून अशी मिरची पिकवतात! माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवात ही शक्यताच कधी बसली नव्हती.

पण अजून वेळ गेलेली नव्हती. पाणी उकळायला दोन मिनिटं होती. मी चहाच्या डब्यामागे हात घातला. डबा होता. उघडला. रिकामा!

"सुनंदा!"

"मांगे शे मी!" परसातून आवाज आला.

मागे जाऊन पाहतो तर अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीसमोर सुनंदा उभी. डोळ्यात पाणी. एका मुठीत मीठ-मोहरी, दुसऱ्या मुठीत माझ्या ओळखीच्या चार गोल लाल मिरच्या आणि एक अर्धी.

झालं होतं असं, की पोरीची एवढी मोठी परीक्षा, तर तिची दृष्ट काढायला नको का? आमच्या घरातली आख्खी मिरची दळून तिखट झालेली. शोधता शोधता तिला हा डबा सापडला. मी पथारीवरून नेहमी नमुने आणतो, त्यातलाच एक समजून तिने घेतला. हर्षू केस विंचरत होती तेव्हा तिच्यावरून सात मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आता दृष्टीचा नियम सगळ्यांना माहीत आहे. मिरची जळताना ठसका लागला तर काळजी नाही, नजर लागलेलीच नव्हती. आणि ठसका लागला नाही, तर समजायचं, सगळा तिखटपणा त्या नजरेने खाल्ला!

"सात मिरच्या टाक्यात व्हो!" सुनंदा रडवेल्या आवाजात म्हणाली. "कोनलेच ठसका नही उना! मी चूलवर तोंड धरीसन उभी ऱ्हायनू, तरी नही! मन्ही पोरले इतली नजर लागनी, नि माले ठाऊकच नही!"

"त्या मिरच्या माले दे," मी हात पुढे केला. अजून साडेचार शिल्लक होत्या!

"कसाले?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो, तर गल्लीत मिरचीची पारख असलेला माणूस उरला नसता. मी म्हटलं, "माले ठसका उना व्हता. घरमा. खरंच!" आणि पुराव्यादाखल खोकून दाखवलं. चांगला, छातीपासून खोकलो.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात माझं खोटं बोलणं तिला तोंडपाठ आहे.

"पोरवर इतली मोठी नजर शे, नि तुम्ही नाटक करी ऱ्हायनात?"

आणि उरलेल्या साडेचार मिरच्या तिने चुलीत टाकल्या. आम्ही दोघं वाकून धुरात तोंड घालून उभे राहिलो. ठसका लागावा म्हणून आयुष्यात इतकी मनापासून प्रार्थना मी कधी केली नव्हती. उदबत्तीसारखा वास आला. स्पेन जळून गेला आणि कुणाला शिंकसुद्धा आली नाही!

घरात आलो तेव्हा धडगावच्या बारा मिरच्या गरम पाण्यात टम्म फुगत होत्या.

"हर्षू," मी म्हटलं, "मिरच्या जरा कमी टाक ना बेटा. दोनच टाक."

"पप्पा, माप शे."

"टमाटं टाक एखादं."

"पप्पा! पंधरा मिनिटे ऱ्हायनात. तुम्ही फक्त चांगला शर्ट घाला."

"शर्ट कसाले?"

"खावाले तुम्हीच बसनार शेतस ना! मम्मीना गुरवार शे, ती लसूण खास का?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुनंदाचा उपास. घरात खाणारा दुसरा माणूस नाही. जे मी पाकिटात भरलं होतं, ते सगळं फिरून माझ्याच तोंडी येणार होतं.

(कुणी म्हणेल, अजूनही सांगता आलं असतं. आलं असतं! पण पोर आरशात बघून टोपी सरळ करत होती आणि ओठातल्या ओठात इंग्रजी वाक्यं घोकत होती. तसली दुसरी मिरची गावात नव्हती. सांगून तिचा धीर तेवढा गेला असता. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.)

चार वाजता तुरीच्या डब्याला टेकवलेल्या लॅपटॉपवर शेफ मॅडम दिसल्या. पन्नाशीच्या, चष्मा, चेहरा परीक्षकाचा. हर्षूने नमस्कार केला आणि कामाला लागली. खोटं सांगत नाही, माझी भीती मी दोन मिनिटं विसरलो. लसूण काय झरझर सोलली, जिरं काय नेमकं भाजलं! जी पोर परकरात ओट्यापर्यंत पोचत नव्हती, ती आज राणीसारखी उभी होती. मिरच्या, लसूण, जिरं, मीठ, तेल, व्हिनेगर मिक्सरच्या भांड्यात गेलं. घर्रर्र झालं. तिने झाकण उघडलं.

हर्षूच्या तोंडाला मास्क होता, म्हणून तिला क्षणभर काही कळलं नाही. वास तिला ओलांडून पुढे गेला, परसाचं दार ओलांडलं, आणि तिथे उदास बसलेल्या सुनंदाला लागला.

असा ठसका आमच्या गल्लीने कधी ऐकला नव्हता! खोकता खोकता ती उठली, आणि त्या खोकल्याचं एकदम आनंदात रूपांतर झालं.

"ठसका उना व माय! ठसका उना! नजर उतरनी!"

भिंतीपलीकडून शेजारच्या हिरावहिनी खोकायला लागल्या. सुनंदा ओरडली, "वहिनी, तुम्हले बी उना?" "उना व बाई! कोनी काय जाळं?" "मन्ही पोरनी नजर!" मग गल्लीत आणखी दोन घरं खोकली आणि सुनंदा साखरेचा डबा घेऊन वाटायला निघाली.

"काय गडबड आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, शेजारी... कार्यक्रम आहे," हर्षू म्हणाली. मग हळूच तिने भांड्यात वाकून पाहिलं. मास्कवरचे तिचे डोळे मोठे झाले. ते भांड्यावरून पाकिटावर गेले, पाकिटावरून माझ्यावर आले. मी छताकडे बघितलं. त्या एका बघण्यात आमच्यात सगळं बोलणं झालं.

पण पोर माझ्यापेक्षा धीराची निघाली. तिने आठ बटाट्यांवर सॉस घातला, ताटली माझ्यासमोर ठेवली आणि कॅमेऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाली, "संपाडा पप्पा."

पहिला बटाटा तोंडात घातला. क्षणभर काही नाही. मला वाटलं, बटाट्याने तारलं. मग कानात शिट्टी वाजली. जीभ आहे की गेली ते कळेना. दातसुद्धा तिखट लागू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"काका, तिखट आहे का?"

"नाही मॅडम!" मी म्हटलं. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. "गोडसर आहे. अगदी... लहान मुलांनी खावं असं."

दुसरा. तिसरा. चौथ्याला टाळूला घाम आला. पाचव्याला डोळ्यांतून धारा लागल्या, पुसाव्यात तर हाताला सॉस. मी तसाच हसत बसलो आणि धारा मिशीतून शर्टावर पडत राहिल्या.

मॅडम पुढे वाकल्या. "काका, तुम्ही रडताय?"

आता काही तरी बोलणं भागच होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "पोर लांब जाईल... म्हणून."

मॅडमनी चष्मा काढला. "माझे वडीलही असेच बसले होते," त्या म्हणाल्या. "मी निघाले तेव्हा. जेवत होते आणि डोळ्यांतून पाणी." त्यांनी चष्मा पुसला. "घ्या काका, सावकाश घ्या. मी थांबते."

त्या थांबल्या! मी भराभर गिळून मोकळा होणार होतो, तर त्यांनी मला सावकाश खायला लावलं. शेवटचे तीन बटाटे मी सहा मिनिटं खाल्ले. मग ताटली कॅमेऱ्याला दाखवली. स्वच्छ!

"जेवणाला इतका जीव लावून खाणारं घर मी बघितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हर्षदा, पुढच्या महिन्यात ये."

लॅपटॉप बंद झाला. हर्षूने करंगळी सॉसला लावली, जिभेला लावली, आणि नळाकडे धावली. परत आली ती पाच मिनिटांनी.

"पप्पा, मन्ह्या मिरच्या कथा शेतस?"

मी साखर वाटून परतलेल्या सुनंदाकडे बोट दाखवलं. सुनंदाने चुलीकडे दाखवलं. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, ताकाचा तांब्या दोन्ही हातांनी धरून. हर्षू आधी चिडली, मग हसली, मग ओट्याला धरून इतकी हसली की खाली बसली. सुनंदा हसली नाही. "मंग पोरले नजर लागेलच नव्हती?" एवढंच तिने विचारलं आणि वाटलेल्या साखरेचं तिला वाईट वाटलं. तीन दिवस मी ताकावर होतो. तोवर ही गोष्ट गल्लीभर झाली आणि चौथ्या दिवसापासून गल्लीतली घरं मिरची घ्यायला सुनंदाला नेऊ लागली.

पुढच्या महिन्यात हर्षूला गाडीत बसवायला आम्ही स्टेशनवर गेलो. हिरावहिनी होत्या, दगाभाऊ होता. मी ठरवून आलो होतो, रडायचं नाही. गाडी आली, बॅगा चढल्या, पोर दारात उभी राहून हात हलवायला लागली. आणि मला एकदम ती परकरातली दिसली, ओट्यापर्यंत हात न पोचणारी. मग काही आवरलं नाही. अगदी मुसमुसून रडलो मी. नाकातून, डोळ्यातून, मिशीतून.

गाडी हलली तशी हर्षू दारातून ओरडली, "पप्पा, आज काय खादं?"

"काहीच नही व!" मी ओरडलो.

सगळा फलाट हसला. सुनंदाने लोकांना सांगितलं, "ध्यान देऊ नका. पोरना डबामातली चटणी चाखी व्हई." मी शपथ घेतली, की सकाळपासून नुसता चहा प्यालोय. कुणी विश्वास ठेवला नाही. दगाभाऊ जवळ आला, त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, खिशातून साखरेची पुडी काढली आणि म्हणाला, "खाई ले भो, उतरी जाई."

मी मुकाट्याने साखर खाल्ली, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना, तेव्हा दगाभाऊने दुसरी पुडी काढली.